'पोरकट'मधला कट कुणाचा?

शब्दखोर (सोम, रात्री ९:१०)

मंडळी, एक जुनं खूळ डोक्यात आहे, ते इथं ओततो.

व्याकरणाच्या तासाला उपसर्गाचं कौतुक फार. शब्दाच्या पुढ्यात बसतो आणि अर्थ पार फिरवून टाकतो, म्हणून. संस्कृतात 'हृ' धातू, म्हणजे नेणे. त्याचा हार झाला की गळ्यात पडतो, आहार पोटात जातो, विहार रंकाळ्यावर होतो, प्रहार डोक्यात बसतो आणि संहारानंतर सांगायला कोण उरतच नाही. हे सगळं आधी लागलेल्या अक्षराचं काम. प्रत्ययाला मात्र शेपटीचा मान. नामाचं विशेषण कर, विशेषणाचं नाम कर, एवढीच हमाली.

माझं म्हणणं उलटं आहे. उपसर्ग जे करतो ते उघड करतो. 'अ' लावला, 'नाही' म्हणाला, विषय संपला. प्रत्यय गुपचूप मत घुसवतो. 'पोर' घ्या. पोरपण म्हटलं की आपण हळवे होतो, पोरकट म्हटलं की माणूस निकालात निघतो. बालसुलभ प्रश्न विचारणारा गोड आणि बालिश प्रश्न विचारणारा बावळट. प्रश्न तोच असेल कदाचित. म्हाताऱ्याला नुसता 'डा' जोडा आणि बघा काय होतं ते.

सगळ्यात बारीक कलाकुसर 'पण' आणि 'पणा'ची. "तिच्याकडं शहाणपण आहे" हे कौतुक. "जास्त शहाणपणा करू नकोस" ही शेवटची ताकीद. मध्ये फरक फक्त एका कान्याचा! मोठेपण आणि मोठेपणा, तीच गत. लोक मोठेपण देतात, मोठेपणा आपला आपण करायचा असतो.

तर प्रश्न असा, जास्त ताकद कुणात? आणि तुमच्या धंद्यात, गावात, घरात असा एखादा उपसर्ग किंवा प्रत्यय आहे का, ज्यानं खरोखर काहीतरी बिघडतं किंवा सुधरतं? पुस्तकातली यादी कृपया नको.

पंचगंगाकाठ (सोम, रात्री ९:२२)

आमच्या कोल्हापूरच्या नावाचा प्रत्यय बघा की. वर्षभर 'पूर' म्हणजे नगर. जुलै लागला, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि मग 'पूर' म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ ला तर प्रत्ययानं अख्खा शब्दच गिळला.

लवंगी (सोम, रात्री ९:२५)

उपसर्गावर माझा एकच आक्षेप. 'नॉनव्हेज' हा शब्द कोल्हापुरात चालतोच कसा? 'व्हेज नसलेलं' म्हणजे व्हेज हे मूळ आणि मटण हा अपवाद. आमच्यात मूळ मटण हाय. मेनूकार्डावर दोनच रकाने पाहिजेत, मटण आणि नॉनमटण.

उद्यमनगरी (सोम, रात्री ९:२६)

लवंगी, दंडवत _/\_

निवृत्त_मास्तर (सोम, रात्री १०:०५)

यादी नको म्हणालात, पण थोडी पायाभरणी करतो.

संस्कृतातले उपसर्ग २२ मोजतात, प्र, परा, अप, सम् पासून परि, उप पर्यंत. मराठीनं त्यावर दोन मजले चढवले. एक फारसी-अरबीचा: बे, ना, गैर, दर, बद, कम, सर. आणि दुसरा घरचा: आडनाव-आडवाटेतला आड, भरदुपार-भररस्त्यातला भर, अदपाव-अदशेरातला अद, पडछायेतला पड. गंमत म्हणजे मराठी माणूस कुठल्याही मजल्यावरची वीट कुठंही लावतो. 'गैरसमज'मधला गैर अरबी आणि समज आपली. 'नापास'मधला ना फारसी, पास इंग्रजी, आणि मार खाणारं पोरगं मराठी.

पोरं नेमकी अडकतात ती सारख्या दिसणाऱ्या उपसर्गांत. फळ्यावर दोन शब्द लिहायचो: अनुदान, अनुदार. वर्ग एकमुखानं सांगायचा, "अनु उपसर्ग, सर!" पहिल्यात खरंच अनु + दान आहे. दुसऱ्यात अन् + उदार, म्हणजे उदार नसलेला. अनुत्तीर्ण, अनुपस्थित हे दुसऱ्या जातीतले. ओळखायची खूण सोपी. उरलेला तुकडा उच्चारून बघायचा. 'दान' शब्द आहे, 'दार' पण आहे, पण त्याचा कंजूषपणाशी संबंध नाही. 'उपस्थित' आहे, 'पस्थित' नाही.

शब्दखोर, तुमच्या पण-पणा सिद्धांताला मात्र छिद्र आहे. साधेपणा, चांगुलपणा, मोकळेपणा. इथं 'पणा' कुठं वाईट आहे?

शब्दखोर (सोम, रात्री १०:१८)

मास्तर, 'पणा' वाईट असं मी म्हणतच नाही. 'पण' ही अवस्था, 'पणा' ही वागणूक. साधेपणा चारचौघांत दिसतो, चांगुलपणा अंगावर येतो. शहाण्याचं असणं चांगलं आणि शहाण्यासारखं *वागून दाखवणं* डोक्यात जाणारं, म्हणून तिथं काना टोचतो. वेडेपण आणि वेडेपणा ताडून बघा, तिथंही बसतं.

रंकाळा_फेरी (सोम, रात्री १०:२०)

मास्तर, 'पड' काय असतंय? पडजीभ म्हणजे पडलेली जीभ न्हवं?

निवृत्त_मास्तर (सोम, रात्री १०:३१)

नव्हे. संस्कृत 'प्रति' प्राकृतातून घासत घासत 'पड' झाला. प्रतिजिह्वा ती पडजीभ, प्रतिच्छाया ती पडछाया, प्रतिशब्द तो पडसाद. पडण्याशी काही संबंध नाही.

लवंगी (सोम, रात्री १०:३३)

मग 'पडवळ' म्हणजे प्रति-वळ का? (हलकं घ्या मास्तर)

औषधवाला (मंगळ, सकाळी ८:१५)

धागाकर्त्यांनी धंदा विचारला म्हणून लिहितो. माझं मेडिकलचं दुकान. उपसर्गावर आमच्याकडं माणसाचं औषध ठरतं.

हायपो आणि हायपर. कानाला जवळजवळ एकच, अर्थ समोरासमोर. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जादा. परवा एक मावशी आल्या. म्हणाल्या, "मला हायपर थायरॉइड हाय, गोळी संपल्या." हातातला रिकामा डबा थायरॉक्सिनचा. थायरॉक्सिन देतात ते हायपोत, ग्रंथी कमी काम करते तेव्हा. गोळी बरोबर होती, बोलण्यात उपसर्ग बदलला होता. आता ह्याच मावशी गावाकडं अचानक आजारी पडल्या आणि तिथल्या डॉक्टरला तोंडानं 'हायपर' सांगितलं तर? म्हणून मी त्यांच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून दिला आणि म्हटलं, तोंडी सांगू नका, हे दाखवा. साखरेचंही तेच. हायपो झाली तर लगेच गोड द्यायचं, हायपर असेल तर गोड देणं म्हणजे आगीत तेल.

पण शब्दखोर, तुमच्या बाजूनंही साक्ष देतो. औषधाच्या मूळ नावाचा *शेवट* त्याचं कुळ सांगतो. ब्रँडचं नाव नव्हे हां, खाली बारीक अक्षरात असतं ते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, शेवटी 'ओलॉल': बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदय-रक्तदाबाची औषधं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, दोघं रक्तदाबाच्या एकाच घराण्यातले. 'स्टॅटिन' आला की कोलेस्टेरॉल. 'प्राझोल' आला की ॲसिडिटी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, शेवटी 'सिलिन', म्हणजे पेनिसिलिनचे भाऊबंद. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यानं हा शेवट दिसला की गोळी तोंडात टाकायच्या आधी विचारायचं. हे प्रत्यय मुद्दाम ठरवून दिलेले असतात, जगभर तेच.

उद्यमनगरी (मंगळ, सकाळी ९:४०)

औषधवाले, भारी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडं फाउंड्रीत उपसर्ग जाळतो. टँकरच्या मागं इंग्रजीत 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. नवीन आलेला आयटीआयचा पोरगा एकदा मला समजावत होता, "साहेब, इनकम्प्लीट म्हणजे कम्प्लीट न्हाई, तसं इन्फ्लेमेबल म्हणजे पेटत न्हाई." आणि खिशात लायटर! तर्क बिनचूक होता, हाच घोटाळा. लॅटिनमध्ये 'इन' दोन हायत. एक नकाराचा, दुसरा 'आत, मध्ये' वाला. पेटवणे ह्या क्रियापदाला दुसरा लागलाय. लोक असेच फसतात म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता नुसतं 'फ्लेमेबल' लिहायची पद्धत आली. उपसर्ग काढला आणि अर्थ तोच राहिला. मास्तरांच्या अनुदान-अनुदारचा लॅटिन अवतार.

आपल्या मराठीत बघा, 'ज्वलनशील'. 'शील' मागून लागतो आणि कुणाचाच गैरसमज होत नाही. एक मत प्रत्ययाला.

माजी_केमिस्ट्रीवाला (मंगळ, सकाळी १०:०२)

एक मत माझंही. सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ. सोडियम क्लोरेट म्हणजे तणनाशक म्हणून वापरलेलं विष, वर पेटायला मदत करणारं. 'आइड'चा 'एट' झाला की आमटी गेली कामातून.

बेदाणा_प्रेमी (मंगळ, दुपारी १२:३०)

'बे' म्हणजे विना. बेचव, बेशिस्त, बेपत्ता, बेभान. मग बेसन म्हणजे सन नसलेलं, आणि बेकरी म्हणजे करी न मिळणारं हॉटेल काय? :ड

निवृत्त_मास्तर (मंगळ, दुपारी १:१५)

हसा. पण तुमच्या स्वतःच्या नावात खरा 'बे' आहे हे ठाऊक आहे का? बेदाणा म्हणजे फारसी बे + दाना. ज्यात दाणा, म्हणजे बी, नाही तो.

बेदाणा_प्रेमी (मंगळ, दुपारी १:१७)

काय सांगता! तासगावच्या सौद्यात उभं आयुष्य चाललंय आणि हे कधी डोक्यात आलं न्हाई.

शाहूपुरीची_लेक (मंगळ, दुपारी ३:५०)

एवढी पुरुषमंडळी बोलली आणि आमच्या गावचा सगळ्यात मोठा प्रत्यय कुणालाच आठवला नाही? आमच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत. 'मी जातो' म्हणतात. 'आलो', 'करतो', 'जेवलो'. आई, आजी, मावश्या, सगळ्याच. माहेरी असेपर्यंत यात काही वेगळं आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

लग्न होऊन पुण्याला आले (बघा, 'आले' लिहिलं). पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, मी दूध आणायला जातो!" सासूबाई बाहेर येऊन इकडं तिकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, कोण जातोय? हा तर ऑफिसला गेला ना?" सासरे वर्तमानपत्रामागं हसत होते. पुढं सोसायटीत मला 'कोल्हापूरचा भाऊ' असं नावच पडलं.

आता फोनवर आईशी 'ठेवतो गं' आणि फोन ठेवला की 'येते हं'. लेक विचारते, तू दोन आहेस का? शब्दखोर म्हणतात प्रत्यय मत घुसवतो. माझ्या 'तो'त कसलं मत होतं? मला तर वाटतं नुसतं घर होतं. पण ऐकणाऱ्यानं त्यात रांगडेपणा, पुरुषी वळण, 'कसं बोलतात बाई ह्या', सगळं ऐकलं. मत बोलणाऱ्याचंच असतं असं नाही.

तपोवन_मैदान (मंगळ, दुपारी ४:०२)

ताई, जिकलंस. माझी बायको इचलकरंजीची, ती पण 'तो'. आमच्यात दोघंबी 'जातो' म्हणतोय आणि जात कोणच न्हाई.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळ, संध्या. ६:२०)

नागपुरातून राम राम. रच्याकने (म्हणजे जाता जाता), आमच्याकडल्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' लय चालते. तुमच्या घरी कशी करतात ते सांगा ना.

लवंगी (मंगळ, संध्या. ६:२१)

करत न्हाईत.

पंचगंगाकाठ (मंगळ, संध्या. ६:२४)

भावा, ती भाजी कोल्हापुरात कुणाच्या आजीनं केलेली न्हाई. लाल तर्री दिसली की बाहेरचे लोक 'कोल्हापुरी' म्हणतात. इथल्या हॉटेलात मिळते ती पण बाहेरच्यांनी मागितली म्हणून.

शब्दखोर (मंगळ, रात्री ९:००)

वऱ्हाडीभाऊ, नकळत मोठं काम केलंत. ह्या 'ई'कडं बघा. वस्तूला ई, माणसाला कर. चप्पल कोल्हापुरी, साज कोल्हापुरी, गूळ कोल्हापुरी, पण माणूस कोल्हापूरकर. संत्रं नागपुरी, तुम्ही नागपूरकर. पगडी पुणेरी, आत डोकं पुणेकराचं. 'ई' शिक्क्यासारखी आहे, मालावर बसते आणि मालाबरोबर गावोगाव फिरते. कायद्यातही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांचं. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बागलकोटात शिवलेली चप्पल रीतसर कोल्हापुरी. पण ती शिवणारा काही कोल्हापूरकर होत नाही.

गुऱ्हाळवाले (मंगळ, रात्री ९:४५)

गुळाचं नाव काढलं म्हणून आलो. सौद्यात आमचा रेट प्रत्ययावर ठरतोय.

काहील (रसाची मोठी कढई) उतरली, वाफ्यात घोटला, रवे भरले, मार्केट यार्डात नेले. व्यापारी ढेप फोडतो, तुकडा उजेडात धरतो आणि एक शब्द बोलतो. 'पिवळसर' म्हणाला की जीव भांड्यात. 'तांबूस' म्हणाला तरी चालतंय, गिऱ्हाईक हाय. 'काळपट' म्हणाला की घरी जाऊन बायकोला काय सांगायचं त्याचा विचार सुरू. पिवळा, तांबडा, काळा कोणच म्हणत न्हाई. सर, ऊस, पट, ह्यावरच सगळा व्यवहार. आणि तोच गूळ शेजारचा दलाल 'काळसर' म्हणतो तेव्हा समजायचं, ह्याला घ्यायचा हाय. 'पट'मध्ये नावं ठेवलेली असत्यात, 'सर'मध्ये न्हाईत. शब्दखोर सायबांचं म्हणणं मला म्हणून पटलं.

अजून एक. गुऱ्हाळावर गूळ शिजवतो तो गुळव्या, चुलवाणात जळण घालतो तो जळव्या. दोघांना एकच 'व्या', पण पगार एक न्हाई. काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपून 'झाला' म्हणायचा हक्क गुळव्याचा. त्याचा अंदाज एक मिनिट चुकला तर सकाळपासूनचा रस काकवीत जातो न्हाईतर करपतो.

निवृत्त_मास्तर (मंगळ, रात्री १०:१०)

वा! 'काळसर' आणि 'काळपट' हा फरक मी जन्मभर शिकवला नाही आणि इथं बाजारभावासकट आला.

अजून_विनाअनुदानित (मंगळ, रात्री ११:३०)

मास्तर, तुमच्या 'अनुदान'वर थांबलो होतो. माझ्या नोकरीचं नाव सोडवून दाखवतो: विना + अनु + दान + इत. पुढं दोन, मागं एक, आणि मधल्या 'दान'चा पत्ता न्हाई.

नवख्यांसाठी सांगतो. शाळांना मान्यता मिळायची 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर. २००९ मध्ये त्यातला 'कायम' काढला. आम्ही पेढे वाटले. 'विना' तसाच होता. मग मूल्यांकन, याद्या, त्रुटी, पुन्हा याद्या. २०१६ ला पहिल्या काहींना २० टक्के अनुदान मिळालं, तेव्हा 'विना' जाऊन 'अंशतः' आला. आझाद मैदानावर जी आंदोलनं बघता ना टीव्हीवर, ती सगळी ह्या दोन-तीन अक्षरांची. मी त्यात बसून आलोय. आमच्याबरोबरचा एकजण इंग्रजी शिकवायचा, सकाळी दुधाची लाइन टाकून शाळेत यायचा. त्याचं 'अंशतः' झालं तेव्हा त्याच्या पोरीचं लग्न होऊन गेलं होतं.

त्यामुळं माझं मत उपसर्गाला. प्रत्यय मतं घुसवत असेल, आमचा पगार उपसर्गानं अडवलाय.

रंकाळा_फेरी (मंगळ, रात्री ११:४१)

सर, _/\_ काय बोलायचं.

शिवारातला (बुध, सकाळी ६:५०)

सरांना अनुमोदन. आमचा उपसर्ग 'अति'.

पाऊस पडून भात आडवा झाला तरी तेवढ्यानं 'अतिवृष्टी' होत न्हाई. महसूल मंडलातल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर भरला तर अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. यंत्र मंडलाच्या गावात. ढग आमच्या शिवारात. तिथं पासष्टाला थोडा कमी भरला की आमच्यात पडला तो नुसता पाऊस. दोन दिवस सलग साठ-साठ पडला तर पीक जास्तच कुजतं, पण 'अति' लागायला एकाच दिवसात पडायला पाहिजे. मागं एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "वृष्टी झाली हे मान्य आहे." बाकीचं मान्य न्हाई, ते दोन अक्षरं.

बाहुबली_पायथा (बुध, सकाळी ९:१०)

एक वेगळी बाजू. 'उपसर्ग' हा शब्द व्याकरणात येण्याआधी माझ्या कानावर आला तो प्रवचनात. आमच्याकडं, कुंभोजच्या बाहुबलीला, उपसर्ग म्हणजे साधना करणाऱ्या मुनींवर आलेलं संकट. पार्श्वनाथांवर कमठानं केलेला उपसर्ग ही गोष्ट प्रत्येक जैन पोराला पाठ. शाळेत मास्तर म्हणाले, "शब्दाला उपसर्ग लागतो," तेव्हा मला त्या शब्दाची कीवच आली होती. विनाअनुदानित सरांचं आणि शिवारातल्या दादांचं वाचून वाटतं, माझा अर्थही काही लांबचा नाही.

लवंगी (बुध, सकाळी ९:१३)

साध्या मराठीत पण डासांचा उपसर्ग होतो आणि देवाचा प्रत्यय येतो. नावातच निकाल लागला की ओ.

शिरोळकर (बुध, दुपारी २:२५)

'विधवा' शब्दावर कुणी बोललं नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडजवळचा. २०२२ च्या मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना असंच करा म्हणून परिपत्रक काढलं. त्या वेळी एका भाषणात ऐकलं, 'धव म्हणजे नवरा, वि म्हणजे विना, हा उपसर्गच काढून टाकू या.' टाळ्या पडल्या. पण उपसर्ग काढला तर 'धवा' उरतं, ते काय?

निवृत्त_मास्तर (बुध, दुपारी ४:००)

ठरावाला सलाम. शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण ते भाषण माझ्याही कानावर आलं होतं.

अभ्यासकांच्या मते गोष्ट उलटी आहे. 'विधवा' हा शब्द जुना आणि अखंड, इंग्रजी 'विडो' त्याच कुळातला. मागाहून लोकांना त्यात 'वि' उपसर्ग दिसला, आणि उरलेल्या तुकड्याला अर्थ हवा म्हणून 'धव = नवरा' तयार झाला. 'असुर'चंही तसंच. आधी असुर होता, मग कुणीतरी 'अ' सोलून काढला आणि 'सुर' म्हणजे देव निघाले. म्हणजे नसलेला उपसर्ग काढूनसुद्धा भाषेत नवा शब्द जन्मतो.

शब्दखोर (बुध, रात्री ९:३०)

मास्तर, हे म्हणजे आधी 'बिनडोक' आणि मग डोकं. :)

मूळ प्रश्नाकडं येतो. मतं मोजत नाही, पण सरांचं 'विना' आणि दादांचं 'अति' वाचून एक दिसलं. उपसर्गाची ताकद कागदावर जास्त चालते, जीआरमध्ये, सातबारावर, औषधाच्या चिठ्ठीवर. तिथं हो किंवा नाही लागतं. तोंडच्या भाषेत, गुळाच्या सौद्यात, सासूबाईंच्या कानात, प्रत्यय पुढं आहे. 'काळपट' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यावर अपील करता येत नाही, आणि 'पोरकट' म्हणणाऱ्यावर तर नाहीच. माझं मत अजून प्रत्ययालाच. मात्र शाहूपुरीच्या ताईंचा मुद्दा, की मत कधीकधी ऐकणारा घालतो, त्यावर विचार करतोय.

अजून_विनाअनुदानित (बुध, रात्री ९:५०)

कागदावर पोट असतंय सायेब, एवढं लक्षात ठेवून विचार करा.

तपोवन_मैदान (बुध, रात्री १०:०५)

अवांतर: पोरास्नी, तुमास्नी, घरास्नं ह्यातले 'स्नी' आणि 'स्नं' पुस्तकात का न्हाईत? आणि आमचा 'की' प्रत्यय धरायचा का? बसा की, जेवा की, हाय की.

निवृत्त_मास्तर (बुध, रात्री १०:३०)

'स्नी' अस्सल प्रत्यय आहे. प्रमाण मराठीत 'पोरांना', तुमच्याकडं 'पोरास्नी'. पाठ्यपुस्तकात प्रमाणभाषेचाच तक्ता छापतात, म्हणून तुमचा राहिला. त्यात कमीपणा काही नाही.

'की' मात्र प्रत्यय नव्हे, अव्यय. परीक्षा सोपी. विभक्तीचा प्रत्यय लागताना मूळ शब्द वाकतो. घोडा + ला = घोड्याला. 'की' लावून बघा. "घोडा की!" घोडा वाकत नाही, ताठ उभा राहतो.

लवंगी (बुध, रात्री १०:३२)

ताठ उभा राहतो म्हणजे घोडा पेठेतला हाय.